गळाच्या काठीसाठी घरगुती संरक्षक नळी

गळाची काठी तुटते ती मासा ओढताना, पण त्या तुटण्याचे मूळ पुष्कळदा आधीच्या प्रवासात असते. हल्लीच्या बहुतेक काठ्या कार्बनच्या किंवा काचतंतूच्या पोकळ नळ्या असतात. कार्बनच्या काठीतले बहुतेक धागे लांबीच्या दिशेने बसवलेले असल्यामुळे ती वाकताना भरपूर ताण सोसते, मात्र आडवा, टोकदार मार तिला सोसत नाही. गाडीच्या दारात चेंगरणे, शिशाचे वजन आपटणे, शेजारच्या काठीची धातूची कडी घासत राहणे, एवढ्यानेही तिच्या पातळ भिंतीला बारीक चीर पडू शकते. ही चीर सहसा दिसत नाही. पुढे कधीतरी मोठा मासा लागतो, काठी पूर्ण वाकते आणि नेमकी तिथेच तुटते. दोष मात्र माशाच्या ताकदीला किंवा काठी बनवणाऱ्याला दिला जातो.

काठीइतक्याच नाजूक असतात तिच्यावरच्या कड्या, म्हणजे गाइड. त्यांच्या आत सिरॅमिकचे गुळगुळीत वलय बसवलेले असते. कडी वाकली की वलय सुटते किंवा तडकते आणि तडकलेल्या कडेवर तंगूस किंवा ब्रेडेड लाईन घासून कातरली जाते. टोकाची कडी सर्वांत बारीक आणि सर्वांत आधी आपटणारी असते. म्हणून संरक्षक नळीकडे दोन कामे येतात. बाहेरचा मार काठीपर्यंत पोहोचू न देणे हे पहिले आणि काठीचे भाग आतल्या आत एकमेकांवर आपटू न देणे हे दुसरे. पहिले काम कडक नळी करते, दुसरे कापडी पिशवी आणि दोन्ही टोकांच्या गाद्या करतात. नुसत्या प्लास्टिकच्या पाइपात काठी टाकून झाकण लावले, तर निम्मेच काम होते. चिरलेल्या बांबूच्या सहा पट्ट्या चिकटवून बनवलेल्या जुन्या विलायती काठ्यांसाठीही आत कापडी पिशवी आणि बाहेर ॲल्युमिनियमची नळी अशीच जोडी वापरत. घरी नळी बनवताना हीच दुहेरी रचना डोळ्यांसमोर ठेवावी.

मापे घेणे

पाइप आणण्याआधी काठीची तीन मापे घ्यावीत. पहिले माप लांबीचे. काठीचे भाग सुटे करून त्यांतला सर्वांत लांब भाग टोकाच्या कडीसकट मोजावा. सात फुटी, म्हणजे २१३ सेंमी लांबीच्या, दोन भागांच्या काठीचा प्रत्येक भाग साधारण १०९ सेंमी भरतो, कारण जोडात एक भाग दुसऱ्यात काही सेंटिमीटर शिरतो. या लांबीत दोन्ही टोकांच्या गाद्यांसाठी ५ सेंमी आणि पिशवीच्या घडीसाठी २ ते ३ सेंमी मिळवावेत. अशा काठीसाठी नळीची आतली लांबी ११७ सेंमी धरली की पुरते. याहून बरीच जास्त लांबी ठेवण्यात फायदा नाही, कारण रिकाम्या जागेत काठी पुढे-मागे सरकते आणि प्रत्येक धक्क्याला टोक झाकणावर आदळते.

दुसरे माप जाडीचे. काठीचे सगळे भाग जसे ठेवायचे आहेत तसे एकत्र धरावेत, जिथे जुडगा सर्वांत जाड भरतो तिथे सैलसर दोरा गुंडाळावा आणि दोऱ्याची लांबी ३.१४ ने भागावी. दोरा २० सेंमी भरला तर व्यास सुमारे ६.४ सेंमी. याची खात्री करण्याचा आणखी सोपा मार्ग म्हणजे जाड पुठ्ठ्यात नळीच्या आतल्या व्यासाएवढे गोल भोक कापून काठीचे भाग पिशवीच्या कापडात गुंडाळून त्यातून सरकवून पाहणे. कडी कुठेही अडता कामा नये. जोर लावून आत जाणारी काठी बाहेर काढताना कड्या वाकवते.

तिसरे माप सर्वांत मोठ्या कडीच्या उंचीचे. काठीच्या पाठीपासून कडीच्या वरच्या कडेपर्यंतचे अंतर मोजावे. स्पिनिंग रीलच्या काठीची पहिली कडी मोठी आणि उंच असते. समुद्रकिनाऱ्यावरून लांब फेकण्याच्या काठीत ती आणखी मोठी असते. बेटकास्टिंगच्या काठीच्या कड्या बुटक्या असतात, त्यामुळे तेवढ्याच लांबीची ती काठी बारीक नळीत मावते.

रील नळीत ठेवायचे नाही. ते काढून वेगळ्या पिशवीत न्यावे. रीलसाठी नळी जाड केली की काठीला आत हलायला जागा मिळते, शिवाय रीलचे धातूचे हँडल काठीच्या अंगावर आपटते.

पाइपाची निवड

घरगुती कामासाठी पीव्हीसी पाइप सर्वांत सोयीचा. तो गंजत नाही, हाताने कापता येतो आणि त्याची झाकणे, जोड तालुक्याच्या गावातही मिळतात. भारतात या पाइपाचे माप बाहेरच्या व्यासावरून सांगतात, म्हणून दुकानात ७५ मिमी सांगितले तरी आतली जागा त्याहून कमी असते. ६३ मिमीच्या हलक्या पाइपात आतून सुमारे ६० मिमी, ७५ मिमीच्या पाइपात सुमारे ७१ मिमी आणि ११० मिमीच्या पाइपात सुमारे १०५ मिमी जागा मिळते. जाड भिंतीच्या पाइपात ती आणखी कमी होते.

६३ मिमीचा पाइप बेटकास्टिंगची एक काठी, चार भागांची प्रवासी काठी किंवा एकात एक शिरणारी टेलिस्कोपिक काठी यांना पुरतो. तलावावर किंवा खाडीत वापरण्याच्या सहा ते आठ फुटी स्पिनिंग काठीला ७५ मिमी योग्य. दोन-तीन काठ्या एकत्र न्यायच्या असतील किंवा किनाऱ्यावरची मोठ्या कड्यांची काठी असेल तर ११० मिमी घ्यावा.

पाइप दोन प्रकारच्या दुकानांत मिळतो. शेतीसाहित्याच्या दुकानात पाण्याच्या दाबानुसार वर्ग पाडलेले पाइप असतात. चार किलो दाबाचा पाइप पातळ आणि हलका, तर सहा किलोचा जाड असतो. प्लंबिंगच्या दुकानात सांडपाण्याचे एसडब्ल्यूआर पाइप मिळतात. भारतीय मानक १३५९२ नुसार त्यांचे ‘अ’ आणि ‘ब’ असे दोन प्रकार आहेत. पावसाच्या पाण्यासाठीचा ‘अ’ प्रकार पातळ असतो, तर मैलापाण्यासाठीचा ‘ब’ प्रकार जाड. ७५ मिमीत ‘अ’ प्रकाराची भिंत सुमारे २ मिमी, तर ‘ब’ प्रकाराची ३.२ मिमी किंवा थोडी अधिक असते.

वजनात हा फरक चांगलाच जाणवतो. ७५ मिमी व्यासाच्या, २ मिमी जाडीच्या पाइपाचे वजन मीटरला सुमारे ६५० ग्रॅम भरते, ३.२ मिमी जाडीचा तोच पाइप मीटरला एक किलोपर्यंत जातो. ११० मिमीचा पातळ पाइपही मीटरला सव्वा किलोच्या आसपास असतो. खांद्यावरून चालत न्यायची नळी पातळ भिंतीची घ्यावी. गाडीच्या टपावर किंवा सामानाच्या डब्यात जाणारी नळी जाड भिंतीची असली तर बरे.

पाइप बहुधा ३ किंवा ६ मीटर लांबीत मिळतो. ३ मीटरच्या तुकड्यातून ११७ सेंमीच्या दोन नळ्या निघून सुमारे ६६ सेंमी उरतात. सात फुटी, चार भागांच्या प्रवासी काठीचा भाग साधारण ५७ सेंमी असतो, तेव्हा उरलेल्या तुकड्यात तिचीही नळी होते. पाइप घेताना तो जमिनीवर गडगडवून सरळ आहे का ते पाहावे. उन्हात पडून पांढुरका, खडूसारखा झालेला पाइप घेऊ नये, कारण तो ठिसूळ झालेला असतो.

साहित्य आणि हत्यारे

पाइपाखेरीज तळासाठी एक एंड कॅप, निवडलेल्या पद्धतीचे झाकण, पीव्हीसी चिकटवण्याचे सोल्युशन, २५ मिमी जाडीचा घट्ट ईव्हीए फोम, थोडा मऊ स्पंज, मांजरपाट किंवा फ्लॅनेलचे कापड, नाडी, सुमारे ३८ मिमी रुंदीची नायलॉनची पट्टी, एक बक्कल आणि सायकलची जुनी ट्यूब एवढे साहित्य लागते. ईव्हीए फोम वेगळा मिळाला नाही, तर जुन्या योगा मॅटच्या चकत्या एकावर एक चिकटवून चालतात. हत्यारांत एक्सा ब्लेड, कानस, पॉलिश पेपर, मोजपट्टी आणि ड्रिल पुरे. ड्रिल नसेल तर तापवलेल्या खिळ्याने भोक पाडता येते, पण तापलेल्या पीव्हीसीचा धूर घातक असतो. हे काम उघड्यावर, वाऱ्याच्या बाजूला उभे राहून करावे.

पाइप कापणे आणि तळ बसवणे

काप काटकोनात आला नाही तर झाकण वाकडे बसते. त्यासाठी कागदाची सरळ कडेची पट्टी पाइपाभोवती गुंडाळून तिच्या दोन्ही कडा एकमेकींवर नीट जुळवाव्यात आणि त्या कडेने पेन्सिलीची रेघ मारावी. ब्लेड एकाच जागी खोल न घालता पाइप थोडा-थोडा फिरवत रेघेवरून कापत जावे. कापल्यावर बाहेरची कडा कानशीने उतरती करावी, म्हणजे कॅप सहज चढते. आतली कडा पॉलिश पेपरने गोल करणे त्याहून महत्त्वाचे. काठी आत-बाहेर करताना कड्या आणि त्यांच्यावर गुंडाळलेला दोरा याच कडेला घासतात. शेवटी पाइप साबणाच्या पाण्याने आतून धुऊन वाळवावा. कापताना पडलेला बारीक भुसा आत राहिला तर तो काठीच्या रंगावर चरे पाडतो.

तळाची कॅप कायमची चिकटवावी. पाइपाचे टोक आणि कॅपची आतली बाजू पॉलिश पेपरने किंचित खरखरीत करून कोरड्या फडक्याने पुसावी, दोन्हींना सोल्युशनचा पातळ थर लावावा, कॅप पाव फेरा फिरवत शेवटपर्यंत दाबावी आणि अर्धा मिनिट धरून ठेवावी. बाहेर आलेले सोल्युशन लगेच पुसून घ्यावे. सोल्युशन ज्वालाग्राही असते आणि त्याची वाफ डोक्यात चढते, म्हणून जवळ विडी-काडी, शेगडी नसावी.

जोड काही मिनिटांत पकडतो, पण काठी लगेच आत ठेवू नये. सोल्युशनमधले द्रावक बंद नळीत कोंडले तर काठीच्या लाखेसारख्या लेपावर आणि फोमच्या मुठीवर त्यांचा परिणाम होऊ शकतो. नळी दोन्ही बाजूंनी हवा लागेल अशी, निदान दोन दिवस उघडी ठेवावी. तळाच्या कॅपची भोके (त्यांविषयी पुढे सांगितले आहे) आधीच पाडलेली असली तर वास लवकर जातो.

झाकणाचे तीन प्रकार

पहिला प्रकार साध्या एंड कॅपचा. ही कॅप मुळात चिकटवण्यासाठी असते, त्यामुळे ती पाइपावर फार घट्ट बसते. पाइपाचे टोक ३ ते ४ सेंमी लांबीपर्यंत पॉलिश पेपरने घासत जावे. मधूनमधून कॅप चढवून पाहावी आणि ती हाताने फिरवत निघू लागली की थांबावे. जास्त घासल्यास कॅप सैल होऊन प्रवासात गळून पडते. कॅपला ४ मिमीचे एक भोक हवेच. भोक नसेल तर काढताना आत पोकळी होऊन कॅप ओढून धरली जाते आणि जोराने ओढताना नळी हातातून सुटते. कॅप आणि नळी नायलॉनच्या दोरीने जोडून ठेवल्यास ती हरवत नाही.

दुसरा प्रकार आट्यांच्या झाकणाचा. ठिबक सिंचनाच्या सबमेनच्या शेवटी, साचलेली माती धुऊन काढण्यासाठी फ्लश व्हॉल्व्ह बसवतात. तो ६३ आणि ७५ मिमीच्या पाइपांसाठी शेतीसाहित्याच्या बहुतेक दुकानांत मिळतो. त्याचा एक भाग पाइपाला सोल्युशनने चिकटतो आणि दुसरा आट्यांचा भाग हाताने फिरवून उघडतो. झाकण आपोआप निघत नाही आणि रबरी वायसर असल्याने पाऊसही आत शिरत नाही. मात्र याचे तोंड पाइपापेक्षा अरुंद असते. विकत घेण्याआधी तोंडाचा आतला व्यास मोजून, सर्वांत मोठी कडी त्यातून जाते का हे पाहणे आवश्यक आहे. तोंड फारच अरुंद वाटले तर एक माप मोठा पाइप घ्यावा.

तिसरा प्रकार सॉकेटचा. एसडब्ल्यूआर पाइपाच्या एका टोकाला मुळातच फुगीर सॉकेट असते आणि रिंग-फिट पाइपात त्याच्या खाचेत रबरी रिंग बसवलेली असते. त्यात बसणारा प्लग दाबून घातला की झाकण तयार होते. तोंड पाइपापेक्षा रुंद असल्याने काठी अडत नाही, हा याचा मोठा गुण. रबर सुकले तर प्लग काढणे जड जाते, म्हणून रिंगेला अधूनमधून किंचित सिलिकॉन ग्रीस लावावे. पेट्रोलियमपासून बनवलेले वंगण रबराला चालत नाही. प्लग गळून पडू नये म्हणून त्यावरून आडवा पट्टा घ्यावा.

पायी आणि दुचाकीवरून जाणाऱ्याला आट्यांचे झाकण सर्वांत भरवशाचे. घरात काठ्या ठेवण्यासाठी घासून सैल केलेली कॅप पुरेशी आहे.

टोकांच्या गाद्या

दोन्ही टोकांना एकाच जातीचा स्पंज घालण्याची पद्धत चुकीची आहे. नळी उभी केली की काठीचा सगळा भार तळावर येतो. मऊ स्पंज त्या भाराखाली चपटा होऊन मुठीचे टोक थेट प्लास्टिकवर बसते. तळाला म्हणून घट्ट ईव्हीए फोमची २५ मिमी जाडीची चकती घालावी. तो फोम पाणी पीत नाही, हा आणखी एक फायदा. झाकणाच्या बाजूला मऊ स्पंज असावा आणि झाकण लावल्यावर त्याने काठीच्या टोकांना अगदी हलका दाब द्यावा. दाब इतकाच हवा की काठी सरकणार नाही आणि टोकाची कडी वाकणार नाही.

चकत्या नळीच्या आतल्या व्यासापेक्षा २ ते ३ मिमी मोठ्या कापल्या की चिकटवल्याशिवाय घट्ट बसतात. त्या न चिकटवणेच बरे, म्हणजे खारे पाणी गेल्यास काढून धुता येतात. तळाच्या चकतीला कॅपच्या भोकांसमोर भोके पाडावीत.

कापडी पिशवी

नळीच्या आत सलग अस्तर लावणे अवघड असते आणि त्याची गरजही नसते. प्रत्येक भागाला स्वतंत्र कप्पा असलेली पिशवी ते काम अधिक चांगले करते. मांजरपाट मजबूत असते, फ्लॅनेल मऊ असते. दोन्हींतले कोणतेही कापड आधी धुऊन घ्यावे. त्यातली खळ निघते आणि कापड शिवण्याआधीच आटते.

काठीच्या भागाची लांबी अधिक १५ सेंमी एवढी पिशवीची उंची धरावी. वरचे १५ सेंमी झाकणपट्टीसारखे दुमडायचे असतात. कप्प्याची रुंदी काढण्यासाठी कडीसकट काठीचा घेर मोजून त्याच्या निम्म्यात २ सेंमी मिळवावेत. मुठीच्या भागाचा घेर १६ सेंमी असेल तर कप्पा १० सेंमी रुंद लागेल, टोकाकडच्या भागाला ७ सेंमी पुरतील. दोन्ही मिळून १७ सेंमी, म्हणजे दुहेरी घडीसाठी ३४ सेंमी आणि शिवणीचे ३ सेंमी धरून ३७ सेंमी रुंद कापड लागते. कापड उभे दुमडून तळ आणि एक बाजू शिवावी. मग दोन कप्प्यांमध्ये एक उभी शिवण मारावी. घरी मशीन नसले तरी शिंप्याकडे हे काम पटकन होते. मधोमध लांब नाडी शिवावी आणि भरलेली पिशवी तिने दोन-तीन ठिकाणी सैल बांधावी. नाडी कड्यांवरून आवळली जाऊ नये, कड्यांच्या मधल्या जागेत बांधावी.

भाग ठेवताना मुठीचे टोक आणि टोकाकडच्या भागाची जाड बाजू तळाकडे असावी, बारीक टोक नेहमी झाकणाकडे. नळी उभी राहिली तरी बारीक कडीवर भार येत नाही. टोकाची कडी दुसऱ्या भागापेक्षा वर येत असेल, तर त्या कप्प्याला काही सेंमी खाली वाढवण्याऐवजी शेजारच्या भागाच्या मुठीखाली फोमचा आणखी एक तुकडा घालून दोन्ही टोके जुळवावीत. नळीच्या बाहेर झाकणाच्या बाजूला ठळक बाण काढून ठेवावा, म्हणजे सामान चढवणाऱ्यालाही वरची बाजू कळते.

हवा आणि पाण्याला वाट

पूर्ण हवाबंद नळी कोकणासारख्या दमट हवेत काठीला घातक ठरते. ओली काठी बंद नळीत राहिली तर कॉर्कच्या मुठीवर बुरशी येते, कड्यांच्या पायांना गंज धरतो आणि कड्या बांधलेल्या दोऱ्यावरच्या लेपाखाली पाणी शिरून फोड येतात. तळाच्या कॅपला ५ मिमीची तीन भोके पाडावीत आणि आतून मच्छरदाणीच्या जाळीचा तुकडा लावावा. जाळीमुळे मुंग्या, झुरळे आणि कुंभारमाशी यांना आत घर करता येत नाही. होडीतून प्रवास असेल तेव्हा ही भोके बाहेरून चिकटपट्टीने तात्पुरती बंद करता येतात.

मूठ, पट्टा आणि रंग

मुठीची जागा नळीच्या मध्यावर धरू नये. काठीचा रीलकडचा भाग जड असतो, त्यामुळे भरलेल्या नळीचा तोल तळाच्या बाजूला कललेला असतो. काठ्या आत घालून, झाकण लावून नळी दोरीच्या फासात अडकवावी आणि ती आडवी तोलून राहील तिथे खूण करावी. खुणेच्या दोन्ही बाजूंना साधारण ८ सेंमीवर मुठीची टोके यावीत. खांद्याच्या पट्ट्याची टोके दोन्ही कॅपपासून वीतभर आत घ्यावीत.

मूठ बसवण्यासाठी नळीत स्क्रू मारणे टाळावे. स्क्रूचे टोक आत येते आणि पिशवी फाडून काठीला चरे पाडते. पॉप रिव्हेटचेही आतले डोके उंच राहते. त्याऐवजी सायकलच्या ट्यूबचा ४ सेंमी रुंद तुकडा नळीवर चढवून त्यावर नायलॉनची पट्टी गुंडाळावी आणि ती बक्कलाने किंवा पाण्याच्या नळीवर लावतात त्या स्टीलच्या क्लिपने आवळावी. रबरामुळे पट्टी सरकत नाही. बॅगा दुरुस्त करणाऱ्याकडून मूठ आणि पट्टा एकाच जाड पट्टीवर शिवून घेतले तर काम आणखी टिकाऊ होते.

पीव्हीसी उन्हात हळूहळू ठिसूळ होते आणि ७० ते ८० अंश सेल्सियसच्या आसपास मऊ पडते. म्हणून बाहेरून पॉलिश पेपर मारून फिक्या रंगाचा हात द्यावा. काळा रंग ऊन शोषतो. रंगाऐवजी जाड कॅनव्हासची किंवा रेक्झिनची खोळ शिवली तर ऊन आणि ओरखडे दोन्ही अडतात. नाव आणि संपर्क क्रमांक नळीवर लिहावा, त्याचीच एक चिठ्ठी आतही ठेवावी.

चाचणी

नवी नळी थेट महागड्या काठीवर आजमावू नये. काठीच्या भागांएवढ्या लांबीच्या दोन बांबूच्या छड्या पिशवीत घालून नळी बंद करावी आणि जोरात हलवावी. खडखड ऐकू आली तर आत कुठेतरी मोकळीक आहे. आवाज लांबीच्या दिशेने असेल तर गादी जाड करावी, आडवा असेल तर पिशवीभोवती मऊ कापडाची एक घडी वाढवावी. मग नळी कमरेच्या उंचीवरून तळाच्या बाजूने, झाकणाच्या बाजूने आणि आडवी अशी जमिनीवर टाकून पाहावी. झाकण निघता कामा नये आणि कॅपच्या जोडाला चीर पडता कामा नये. शेवटी झाकणावर तांब्याभर पाणी ओतून ते आत किती जाते ते तपासावे.

प्रवासात

रेल्वेच्या डब्यात सोबत नेण्याच्या पेट्यांसाठी १०० सेंमी × ६० सेंमी × २५ सेंमी ही सर्वसाधारण कमाल मापे ठरवलेली आहेत. सात फुटी, दोन भागांच्या काठीची नळी या लांबीच्या बाहेर जाते. रेल्वेने वारंवार फिरणाऱ्याने तीन किंवा चार भागांची काठी घेऊन नळी ९० सेंमीच्या आत ठेवणे शहाणपणाचे. विमानाने नेण्याच्या सामानात अनेक कंपन्या लांबी, रुंदी आणि उंची यांची बेरीज १५८ सेंमीपर्यंत धरतात. कॅपसह ८ सेंमी व्यासाची नळी असेल तर लांबीला १४२ सेंमी उरतात, ११ ते १२ सेंमी व्यासाची असेल तर सुमारे १३४. गळ आणि चाकू हे सामान केबिनमध्ये नेता येत नाही, ते नळीसोबत सामानात द्यावे.

दुचाकीवर नळी आडवी बांधणे धोक्याचे आहे, कारण दोन्ही बाजूंना निघालेली टोके वाहनांना आणि पादचाऱ्यांना लागतात. ती गाडीच्या बाजूला, चाकांच्या दिशेने, सायलेन्सरपासून दूर बांधावी. पाठीवर घेतल्यास वरचे टोक डोक्यावर फार जाऊ नये, नाहीतर झाडांच्या फांद्यांत अडकते. चारचाकीत मागच्या काचेखाली, उन्हात बंद गाडीमध्ये नळी ठेवू नये. तिथल्या उष्णतेने पातळ पाइप वाकतो आणि वाकलेली नळी काठीलाही वाक आणते.

कार्बन विजेचा वाहक आहे. मुंबईच्या लोकलमार्गावरच्या तारांत २५,००० व्होल्टचा दाब असतो. फलाटावर किंवा पुलावर काठी जोडून उभी धरणे जिवावर बेतू शकते. काठी सुटी करून नळीत ठेवली की हा धोकाही टळतो. पाण्याकाठी विजेच्या तारा असतील तिथेही काठी सुटी करूनच पुढे जावे.

वेगळ्या काठ्या, वेगळे साहित्य

एकसंध, न सुटणाऱ्या काठीसाठी दोन मीटरहून लांब नळी लागते आणि ती गाडीच्या टपाशिवाय नेता येत नाही. कमी अंतरासाठी टोकाकडचा अर्धा मीटर तेवढा झाकला तरी बरेचसे रक्षण होते. त्यासाठी ४० किंवा ५० मिमी पाइपाचा तुकडा घेऊन त्याचे एक टोक बंद करावे, आत स्पंज घालावा आणि दुसऱ्या टोकाला वेल्क्रोची पट्टी लावून तो काठीला बांधावा. टेलिस्कोपिक काठी मिटवल्यावर तिच्या सगळ्या कड्या एका टोकाशी गोळा होतात. तिच्या पिशवीला वरच्या बाजूला जास्त घेर द्यावा.

कापडाच्या ताग्यांच्या किंवा फ्लेक्सच्या जाड पुठ्ठ्याच्या नळ्या हलक्या आणि सरळ असतात. घरात काठ्या उभ्या ठेवायला त्या उत्तम, पण पावसात भिजल्या की त्यांचे थर सुटतात. बाहेरून व्हार्निशचे दोन-तीन हात दिले तर त्या काही काळ तग धरतात. बांबूच्या मोठ्या पेरांची नळीही करता येते. पेरांमधले पडदे तापवलेल्या सळईने फोडावे लागतात आणि आतली पोकळी बहुधा अरुंद असल्याने तिच्यात बुटक्या कड्यांची काठीच मावते. बांबूला भुंगा लागतो, म्हणून बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या द्रावणात मुरवलेला बांबूच वापरावा. नुसती गादी भरलेली कापडी पिशवी हाताने वाहून नेताना पुरते. सामानाच्या ढिगाखाली ती काहीच वाचवत नाही.

निगा

समुद्रावरून आल्यावर काठी गोड्या पाण्याने धुवावी. कड्यांच्या पायांशी आणि रील बसवण्याच्या आट्यांत मीठ साचते, तिथे मऊ ब्रश फिरवावा. धुतलेली काठी सावलीत पूर्ण वाळल्याशिवाय पिशवीत घालू नये. टेलिस्कोपिक काठी उघडी ठेवून वाळवावी, कारण मिटवलेल्या भागांमधले पाणी बाहेर पडत नाही. पिशवीही दर काही फेऱ्यांनी धुवावी, कारण मीठ भरलेले कापड हवेतला ओलावा ओढत राहते.

पावसाळ्यात काठ्या बंद नळीत महिनोन्‌महिने ठेवायच्या नाहीत. झाकण काढून नळी कोरड्या खोलीत आडवी ठेवावी किंवा काठ्या पिशवीसकट बाहेर टांगाव्यात. सिलिका जेलच्या पुड्या घातल्या तर त्या ओलावा पिऊन भरतात, तेव्हा वेळोवेळी बदलाव्यात. हंगामाच्या सुरुवातीला तळाच्या जोडाला चीर आहे का, जाळी फाटली आहे का, गादी दबून पातळ झाली आहे का आणि झाकण सैल झाले आहे का, हे तपासावे. सैल झालेल्या कॅपच्या आत सायकलच्या ट्यूबचे वलय चिकटवले की ती पुन्हा घट्ट बसते. बारीक चिरेवर पीव्हीसीचा तुकडा सोल्युशनने चिकटवून ठिगळ देता येते, पण पाइप पांढुरका पडून दाबल्यावर कडकडू लागला तर दुरुस्तीच्या भरीस न पडता नवा तुकडा कापावा. झाकण, पट्टा, गाद्या आणि पिशवी नव्या नळीला तशीच चालतात.